क्लेमंट ऑगडनचा डावा खांदा

क्लेमंट ऑगडन माझ्या माळ्यावर पहिल्यांदा चढून आला, त्याच दिवशी मला त्याचा संशय आला. नट माळ्यावर येत नसतात. रंगमंचाच्या वर, पंचवीस फुटांवर, भिंतीला धरून लाकडी माळा असतो. तिथून आम्ही दोर ओढून रंगवलेले पडदे वर घेतो आणि खाली सोडतो. ती जागा दोरवाल्यांची. नटांनी खाली उभं राहावं आणि आमच्यावर भरवसा ठेवावा, एवढाच त्यांचा आमचा संबंध.

हॅस्लवर्थच्या थिएटरात मी एकतीस वर्षं दोर ओढले. त्यातली अकरा वर्षं ऑगडन तिथे होता. दर सोमवारी नवं नाटक. सकाळी पुढच्या आठवड्याच्या नाटकाची तालीम, संध्याकाळी या आठवड्याचा खेळ. वर्षाला अठ्ठेचाळीस नाटकं. त्याच्या वाट्याला नोकर, पाद्री, डॉक्टर, इन्स्पेक्टर. नायकाचं काम त्याला कधी मिळालं नाही आणि त्याने मागितलंही नाही.

तो शेजारच्या गावातल्या विणकराचा मुलगा. चौदाव्या वर्षी गिरणीत लागला. सतराव्या वर्षी गिरणी सोडून एका फिरत्या नाटक कंपनीच्या पेट्या उचलायला गेला. बापाने वर्षभर बोलणं टाकलं. पंचविशीत टक्कल पडलं आणि तेव्हापासून रंगमंचावर तो कधी तरुण झालाच नाही. तिसाव्या वर्षी स्वतःच्या बापापेक्षा मोठ्या माणसांची कामं करत होता.

माळ्यावरून नटांचे चेहरे दिसत नाहीत. टाळू दिसते, खांदे दिसतात, पावलं दिसतात. म्हणून कोण मेहनत करतो आणि कोण नुसता आवाज काढतो, ते आम्हाला प्रेक्षकांच्या आधी कळतं. ऑगडनने माझ्या देखत साठ-सत्तर तरी नोकर केले असतील. त्यातल्या दोघांनी सारखं दार उघडलं, असं कधी झालं नाही. एक नोकर दाराची मूठ आधी पुसायचा. एक दार उघडून मालकाच्या बुटांकडे बघायचा. संवाद एकच, "गाडी आली आहे." त्यासाठी एवढे कष्ट. हे मी मान्य करतो. संशय होता म्हणून कामाला कमी लेखणार नाही.

संशयाला कारण होतं. तो वर आला त्या वर्षी रंगमंचामागच्या दोघा कामगारांना कामावरून काढलं होतं. दुपारच्या खेळात ते पत्ते खेळत होते, हे मॅनेजरच्या कानावर कोणीतरी घातलं. कोणी, ते कळलं नाही. आणि ऑगडनच्या खिशात एक छोटी वही असायची. विंगेत उभा राहून तो सुतारांकडे, झाडूवाल्या बायकांकडे बघायचा आणि लिहायचा.

"नटाला बोलायचं ते छापून मिळतं," माझा जोडीदार विल्फ म्हणायचा. "मग हा बाबा लिहितो काय?"

माझ्यापुरता प्रश्न जास्त अवघड होता. त्या ईस्टरला माझा उजवा खांदा गेला. बागेचा पडदा वर घेताना आत काहीतरी तुटल्यासारखं झालं, आणि त्यानंतर तो हात कानाच्या वर जाईना. दोन माणसं दोर ओढतात तेव्हा पुढचा वर हात टाकून दोर खेचतो, मागचा कमरेच्या उंचीवर साथ देतो. मी इतकी वर्षं पुढे होतो. आता मागे आलो. हाताऐवजी गुडघे वाकवून अंगाचं वजन दोरावर टाकायला शिकलो. दोर खुंटीला बांधताना एक वेढा जास्त घ्यायचो. पडदा जागेवर बसला की हात खिशात घालायचो, म्हणजे खांद्यावर त्याचा भार येत नसे.

आमचा मुकादम थ्रेल्फॉल न्यायाचा माणूस होता, पण या बाबतीत त्याचा कायदा एकच. ज्याला दोर धरवत नाही, त्याने माळ्यावर राहायचं नाही. कायदा बरोबर होता. पडदा सुटला तर खालचा माणूस मरतो. मी तो मोडत होतो, कारण माळा सोडून मला दुसरं काही येत नव्हतं. घरी बायकोला, एडनालासुद्धा मी खांद्याचं अर्धंच सांगितलं होतं.

एका बुधवारी, दुपारच्या खेळात, ऑगडन नोकराच्या पोशाखात शिडी चढून वर आला. विल्फ खाली चहाला गेला होता. ऑगडन दोराच्या वेटोळ्यावर बसला, मला न विचारता.

"एनॉक, तू पूर्वी पुढे उभा राहायचास," तो म्हणाला. "ईस्टरपासून मागे असतोस."

"विल्फला सवय व्हावी म्हणून."

"विल्फला बावीस वर्षांची सवय आहे."

मी खुंटीवरचा दोर उगाच तपासला.

"आणि तू तंबाखू ओढत नाहीस. मग प्रत्येक पडद्यानंतर उजव्या खिशात काय शोधतोस?"

"मिस्टर ऑगडन," मी म्हणालो, "तुमची एन्ट्री चुकेल."

"चार मिनिटं आहेत अजून," तो म्हणाला. वही काढून माझ्यासमोर त्याने दोन ओळी लिहिल्या आणि खाली गेला.

त्या आठवड्यात थ्रेल्फॉलने मला कधी हाक मारली तरी मी आधी खिशातून हात काढायचो. पण त्याला फक्त खिळे हवे असायचे. पुढच्या आठवड्यातही तेच. ऑगडनने सांगितलं नव्हतं. म्हणजे राखून ठेवलं होतं, असं मी धरलं. ज्याच्या मुठीत आपलं गुपित असतं, तो आज ना उद्या काहीतरी मागतो. तो मागेना. उलट नाताळात दोघांसाठी डुकराचं मांस भरलेली मोठी पेस्ट्री घेऊन वर आला. मी तिला हात लावला नाही. विल्फने दोन्ही वाटे खाल्ले आणि मला म्हणाला, "तुझा संशय चवीला बरा आहे."

एक गोष्ट मात्र मी वरून नेहमी बघत होतो. ज्या नाटकात बागेचा पडदा लागे, त्यात ऑगडन बरोबर त्या पडद्याखाली उभा राहायचा. माझा खांदा कसा आहे हे कळल्यावरही त्याने जागा बदलली नाही. पाऊलभरसुद्धा नाही. याचा अर्थ मला तेव्हा लावता आला नाही.

पुढच्या वर्षी तो लंडनला गेला. सिनेमात लागला. चाळीसेक सिनेमे केले असतील. कुठे पोलीस, कुठे तिकीट तपासनीस, कुठे न्यायाधीशामागचा कारकून. सगळ्यात मोठं काम चार मिनिटांचं. आमच्या गावात सिनेमा लागला की लोक तो येईपर्यंत थांबायचे आणि मग निवांत शेंगदाणे खायचे.

मग तो कालव्याच्या चौकीदाराचा सिनेमा आला. बोटींसाठी पाण्याचे दरवाजे उघडणारा म्हातारा. ऑगडन तीन मिनिटांत भाव खाऊन गेला, असं पेपरात आलं. थ्रेल्फॉलनेच तिकिटं काढली. मंगळवारी दुपारी तो, विल्फ आणि मी गेलो. मी मध्ये बसलो होतो.

म्हातारा पडद्यावर आला आणि मी खुर्चीत खाली सरकलो. त्याचा खांदा गेलेला असतो आणि नव्या साहेबापासून तो ते लपवत असतो. बोटीचा दोर ओढताना हात कानाच्या वर जात नाही. गुडघे वाकवून वजन टाकतो. खुंटीला एक वेढा जास्त घेतो. मग हात खिशात घालतो. साहेब विचारतो, काय शोधतोस? म्हातारा म्हणतो, तंबाखू.

माझा उजवा हात तेव्हा खिशात होता. काढावा तर थ्रेल्फॉलला दिसेल, ठेवावा तरी दिसेल. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"हा माणूस मी कुठेतरी बघितलाय," तो हळूच म्हणाला.

"म्हातारे सगळे असेच ओढतात," विल्फ म्हणाला. तो सगळं ओळखून होता, हे मला त्या अंधारात कळलं.

थ्रेल्फॉल पुन्हा पडद्याकडे बघायला लागला. मीही बघितलं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. म्हाताऱ्याचा खांदा डावा होता. खिसाही डावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी थ्रेल्फॉल स्वतः माळ्यावर आला. त्याने मला वरच्या आकड्याला कंदील अडकवायला सांगितला. "डाव्या हाताने," तो म्हणाला. मी अडकवला. मग त्याने दोराचं एक जड वेटोळं माझ्या डाव्या बाजूला फेकलं. मी झेललं. त्याने एकदा नाक ओढलं, "बरं" म्हणाला आणि खाली उतरला. सिनेमात जे बघितलं होतं, तेच तो शोधत होता. उजव्या हाताकडे त्याने पाहिलंही नाही.

दोन वर्षांनी मी आपणहून त्याला सांगितलं आणि मागच्या दाराची पहारेदारी घेतली. तोवर एकही पडदा सुटला नव्हता.

ऑगडन म्हातारपणी एका आठवड्यासाठी हॅस्लवर्थला काम करायला आला. दारात मीच बसलो होतो. त्याच्या खोलीची किल्ली देताना विचारलं, "मिस्टर ऑगडन, त्या चौकीदाराचा खांदा डावा का केलात?"

"कॅमेरा डावीकडे होता," तो म्हणाला.

तो सिनेमा मी आणखी दोनदा पाहिला होता. कॅमेरा आधी उजवीकडे आहे, मग डावीकडे जातो. खांदा शेवटपर्यंत एकच. मी त्याला तसं सांगितलं.

त्याने किल्ली घेतली. माझी लकब त्याने न विचारता नेली होती आणि बाजू बदलली तीही न विचारता. उपकार की सोय, हे त्याच्या तोंडून मला हवं होतं. तो माझ्या उजव्या हाताकडे बघत होता. हात खिशात होता, सवयीने.

"तंबाखू आहे का?" त्याने विचारलं.

"आहे," मी म्हणालो, आणि त्याला आत सोडलं.