पिंपात एकही बुडबुडा आला नाही

आधी मल्लाप्पा अण्णांचं नाव घेतो, मग काय झालं ते सांगतो. गडमुडशिंगीच्या स्टँडजवळ त्यांचं पंक्चरचं दुकान होतं. ते नसते तर मी त्या दिवशी गावाकडं निघूच शकलो नसतो... निघून उपयोग झाला नाही, ती गोष्ट वेगळी.

मी सातवीतनं शाळा सोडलेला माणूस, लिहिण्यात चुका असतील, सांभाळून घ्या. आणि भुताखेताचं म्हणाल तर इतकी वर्षं ड्रायव्हिंग केलं, घाटात, स्मशानाच्या कडेला, कुठंही गाडी लावून झोपलो, कधी काही दिसलं नाही. या सदरातले अनुभव वाचून मी हसायचोच. त्या दिवशीसुद्धा मला काही दिसलं नाही. जे झालं ते भर उन्हात, तीन माणसांच्या समोर झालं.

माझं गाव वसमतच्या पुढं, कोल्हापूरपासून चौदा-पंधरा तासांवर. अठ्ठ्याण्णव सालचा मे महिना होता. मी एका गूळ व्यापाऱ्याची अँबॅसडर चालवायचो आणि मुडशिंगीत खोली करून राहायचो. सकाळी मालकांच्या घरी माझ्या बहिणीचा फोन आला.

"दादा, मायला लई दम लागलाय. गावात एक गाडी न्हाई, समद्या लग्नाला गेल्यात. तू गाडी घेऊनच ये, तिला नांदेडला न्यावं लागंल."

मालकांनी काही न विचारता किल्ली दिली. मी कपडे घ्यायला खोलीवर गेलो आणि परत निघताना रस्त्याच्या कामाला टाकलेल्या खडीवर मागचं चाक घातलं. टायर बाजूनं तीन बोटं फाटला. आणि स्टेपनी? ती मीच चार दिवसांपूर्वी नवं रबर चढवायला दिली होती. तेवढ्यात कुठं लागतीय, म्हणून.

चाक काढून ढकलत अण्णांच्या दुकानात नेलं. अण्णांनी फाटीत अंगठा घातला.

"पावणं, ह्यो टायर मेलाय. कोल्हापुरात जावा, नवा आणा."

"नवा आणायला दीड-दोन तास जातील हो. आतनं गेटर टाकून द्या." गेटर म्हणजे जुन्या टायरचा तुकडा, फाटीच्या आतून बसवतात.

"कुठं जायचं हाय?"

"वसमत. माय सीरियस हाय."

"आरं बाबा! एवढ्या लांब गेटरवर? मरायचं हाय का?"

मी त्यांचे पाय धरले. दोन तास वाचवायचे, एवढंच डोक्यात. मागच्या चाकाला गेटर घालून लोक पुण्या-मुंबईला जातात, मी स्वतः गेलो होतो. शेवटी अण्णा म्हणाले, "बस त्या बाकड्यावर. पर माज्या नावानं बोंब मारायची न्हाय."

गेटर बसवला. ट्यूबला पॅच मारला, फुगवून पाण्याच्या पिंपात फिरवली, एक बुडबुडा नाही. चाक भरून अण्णांनी व्हॉल्व्हवर थुंकीचं बोट लावलं, थुंकी हलली नाही. दहा वाजले होते. मी चाक चढवून निघालो आणि पन्नास पावलं गेलो नसेन, गाडी मागनं बसली.

परत खोललं. ट्यूब पिंपात, बुडबुडा नाही. अण्णा खवळले, दुकानातली कोरी ट्यूब काढली, गेटरही दुसरा, मोठा घातला. या वेळी स्टँडच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथं पुन्हा चाक बसलं. ती कोरी ट्यूबही पिंपात बुडवली. पाणी आरशासारखं.

"व्हॉल्व्ह बी बरा हाय, ट्यूब बी बरी हाय. मग हवा जातीया कुठनं?" अण्णा स्वतःशीच बोलत होते.

तिसऱ्या वेळी चाक गाडीला चढवलंच नाही. भरून भिंतीला टेकवलं आणि अण्णा, त्यांची बायको आणि मी, तिघं समोर बसलो. फुस्स नाही, काही नाही. ते चाक आमच्या डोळ्यांदेखत हळूहळू खाली बसत गेलं. झोपायला टेकणारं माणूस बसतं तसं. अण्णांच्या बायकोनं पदर तोंडाला लावला.

मी रडायला लागलो. अडीच वाजले होते. नवा टायर आणायला गेलो असतो तर बाराच्या आत निघालो असतो, हे तेव्हा लक्षात आलं.

अण्णा उठले. दुकानामागं त्यांची स्वतःची जुनी अँबॅसडर होती, लग्नाच्या भाड्याला चालायची. तिला जॅक लावला.

"अवो, उद्या कुरुंदवाडला नवरी आणायची हाय!" बायको ओरडली. "नवरीला काय खांद्यावर बसवून आणनार हाईसा?"

"नवरी दुसऱ्या गाडीत बसंल की! ह्येच्या आईला दुसरा ल्योक हाय का, इचार की त्येला!"

नव्हता. आईला मी एकटाच ल्योक. अण्णांनी त्यांचं चाक माझ्या गाडीला चढवलं, स्टेपनीही टाकली आणि पाठीवर थाप मारली. "जा तम्मा," म्हणाले. कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं. "हळू जा."

मी पोचलो तेव्हा उजाडलं होतं. आई पहाटे तीनला गेली होती. बहिणीनं सांगितलं, शेवटपर्यंत कान रस्त्याकडं होते तिचे. दर थोड्या वेळानं विचारायची, गाडी वाजली का गं?

तेरावा करून परत आलो तेव्हा चाकं द्यायला दुकानात गेलो. माझं फाटकं चाक भिंतीलाच टेकलेलं होतं. गच्च भरलेलं.

"तू गेल्यावर सांजच्याला रागानं भरलं," अण्णा म्हणाले. "तवापास्नं हात लावला न्हाय. बघ दाबून."

दाबलं. दगड. मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी तेच चाक, तीच ट्यूब, तोच गेटर लावून मी मोकळी गाडी आजऱ्याला नेली आणि आणली. काही झालं नाही. पुढं मालकांनी नवा टायर घेतला तोवर तीन महिने ते चाक चाललं.

हे ज्यांना सांगितलं ते सगळे म्हणतात, आईनंच तुला अडवलं, वाटेत टायर फुटून मेला असतास. सांगणाऱ्याला बरं वाटतं. पण तो टायर फुटणार नव्हता हो, मी चालवून बघितलाय. आणि जी बाई रात्रभर गाडीच्या आवाजाकडं कान लावून पडली होती ती मला कशाला अडवेल? मग कोणी अडवलं? आणि दहाला निघून तिला नांदेडला नेलं असतं तर ती वाचली असती का? इतकी वर्षं झाली, दोन्हींचं उत्तर नाही. आताशा मी शोधतही नाही. दुसऱ्याच्या गाडीतनं दुसऱ्याची माणसं पोचवत असतो.

अण्णा आता थकलेत, दुकान बंद झालंय. एकुलती लेक हुबळीच्या पुढं दिलीय, वर्षातून एकदा येते. अण्णा, ज्या दिवशी तुम्हाला लेक जवळ हवीशी वाटेल त्या दिवशी मला नुसता निरोप धाडा. तिला आणायला मी जाईन, आणि वेळेत आणीन.