गोलपोस्टातली बढती

आमच्या उत्कर्ष क्रीडा मंडळाचा हॉकी संघ हरला, ही आता बातमी राहिलेली नाही. तरी दर रविवारी हरल्यानंतर चूक कोणाची यावर आम्ही असे भांडतो, की मैदानाबाहेरचा चहावाला दुसरं आधण ठेवतो. अर्धे म्हणतात गोलकीपरची चूक. अर्धे म्हणतात बिचारा गोलकीपर काय करणार, पुढचे दोन फुलबॅक दारातल्या पडद्यासारखे आहेत, वाऱ्याने बाजूला होतात. या भांडणाच्या मधोमध सात-आठ वर्षं जो माणूस पायाला पॅड बांधून उभा होता, त्या विठ्ठल वासनिकची ही गोष्ट.

आधी मंडळाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरांत विदर्भ-मराठवाड्याकडची आमची बरीच घरं होती, तेव्हा हे मंडळ निघालं. आता ती क्वार्टरं पडली, तिथे टॉवर उभे राहतायत, आणि आम्ही कोणी द्वारकेला, कोणी नोएडाला पांगलो. पण थंडी पडली की रविवारी सगळे स्टिका घेऊन मेट्रोने एका शाळेच्या मैदानावर येतात. खेळणारे बारा-तेरा, बघणारे सात-आठ. मी बघणाऱ्यांतला. मला दादाराव म्हणतात. गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो आणि दिल्लीत एका मंत्रालयात दफ्तरी म्हणून रिटायर झालो.

मंडळ काढणारे सगळे सरकारी कर्मचारी. त्यामुळे संघही त्यांनी ऑफिससारखाच चालवला. नवा माणूस आला की तो पुढच्या फळीत. पळ म्हणावं लेका, तुझे दिवस आहेत. काही वर्षं झाली, दम लागायला लागला, की बढती होऊन तो हाफला, म्हणजे मधल्या फळीत. पोट सुटलं, की आणखी बढती, फुलबॅक. आणि सगळ्यांत ज्येष्ठ जो असेल तो गोलात, थेट ऑफिसातून रिटायर होईपर्यंत. यात कोणावर अन्याय होत नाही, असं आमचं मत होतं. समोरचा संघ चेंडू घेऊन जितका आत येईल तितकी त्याला आमची जास्त म्हातारी माणसं भेटत जातात, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही!

आणि लोक ही बढती मनावर घ्यायचे बरं का. आमचे एक साखरेसाहेब होते, ते फुलबॅक झाले त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले होते. दुसरे एक तागडे. त्यांची बदली चंदीगडला झाली, घर मोठं, पगार जास्त. पण ते हाफला यायच्या बेतात होते. बदली रद्द करून घेतली पठ्ठ्याने! बायको वर्षभर बोलत नव्हती म्हणे. असो. तागड्यांचं पुन्हा कधीतरी, विठ्ठलचं राहील.

विठ्ठल यवतमाळकडचा. कारकून म्हणून दिल्लीत आला तेव्हा बांबूच्या काडीसारखा होता आणि डाव्या बाजूने असा सुटायचा की आम्ही बघणारे उभे राहायचो. ऑफिसात मात्र त्याचं जमलं नाही. त्याच्या हाताखाली काम शिकलेला एक पोरगा त्याच्या डोक्यावरून वर गेला. विठ्ठल कोर्टात गेला नाही, रडला नाही. तो साहेब खोलीत आला की हा खुर्चीवरून उठायचा, एवढंच. मी फाइली घेऊन जायचो तेव्हा बघायचो. उठायला रोज थोडा जास्त वेळ घ्यायचा.

आता त्याला रिटायर व्हायला वर्ष-दीड वर्ष उरलंय. गुडघे गेलेत. एका डोळ्यात मोतीबिंदू उतरतोय, हिवाळ्याचं ऊन समोरून आलं की चेंडू त्याला शेवटच्या क्षणी दिसतो. समोरच्यांना शॉर्ट कॉर्नर मिळाला की त्यांचा पोरगा गोफण फिरवल्यासारखा चेंडू सोडायचा, आणि आपला विठ्ठल चेंडू जाळ्यात जाऊन बसल्यावर खाली वाकायचा. पलीकडच्या संघाची पोरं ओरडायची, "अंकल, हिलो तो सही!"

त्याला गोल सोडायचा होता, म्हणजे ती जागाच. अगदी मनापासून सोडायचा होता. दोन वर्षांपासून. पण सोडता येत नव्हता, आणि ते का, हे तिघा-चौघांनाच ठाऊक होतं.

विठ्ठलच्या खालोखाल नंबर सुगत मेश्रामचा. सुगत फुलबॅक. ऑफिसात त्याच्याही डोक्यावरून तीन माणसं गेलेली. गोलकीपर व्हायचं हे त्याच्या डोक्यात इतकं बसलेलं, की स्वतःच्या पैशाने त्याने हातमोजेसुद्धा घेऊन ठेवले होते. आणि दोन वर्षांपूर्वी त्याच्या हृदयात स्टेंट बसला. डॉक्टरने सांगितलं, चाला, फिरा, फार तर उभ्या-उभ्या खेळा. पण धक्का नको, छातीवर मार नको. फुलबॅकला आमचा सुगत उभ्या-उभ्याच खेळायचा, त्यामुळे ते चालून गेलं. गोलात मात्र चेंडू दगडासारखा येतो.

सुगतची बायको क्रांती तेव्हा द्वारकेला विठ्ठलच्या घरी आली. मी तिथे पेपर वाचत बसलो होतो.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुम्ही गोल सोडला ना, की हे दुसऱ्या दिवशी पॅड बांधतील. माझं ऐकणार नाहीत. डॉक्टरचं ऐकत नाहीत तर माझं काय! तुम्ही तिथून हलू नका."

विठ्ठलची बायको भीमाबाई चहा गाळत होती. ती थांबली. विठ्ठल म्हणाला, "अच्छा. नाही हलत." बस, एवढंच.

तेव्हापासून तो हलला नाही. गोल खात राहिला, शिव्या खात राहिला.

आता गेल्या महिन्यातली मॅच. समोर रेल्वे कॉलनीची पोरं होती. मध्यंतरालाच चार गोल झाले होते, पुढचे मी बघितले नाहीत, भीमाबाईच्या डब्यातल्या तिळाच्या पोळ्यांकडे लक्ष दिलं. मॅच संपल्यावर विठ्ठल गोलातून चालत आला. त्याचं ते चालणं! एक पॅड सुटून गवतावरून फरफटत होता आणि तो बांधायला वाकण्याइतकीही ताकद त्याच्यात उरली नव्हती.

चहाच्या टपरीजवळ आम्ही सगळे बाकांवर बसलो, आणि सुरुवात दिलीपने केली. दिलीप आगाशे पुण्याचा, गुडगावला मोठ्या कंपनीत आहे. खेळत नाही, पण बोलण्यात कोणाला ऐकायचा नाही.

"विठ्ठलराव, राग मानू नका," तो म्हणाला, "पण तिसरा गोल तुमच्या दोन पायांतून गेला. बिल्कुल मधून. एखादी म्हैस गेली असती."

"म्हैस दिसली असती मला," विठ्ठल म्हणाला.

सगळे हसले. दिलीप काही हसला नाही. "यार, जोक नका करू. गोलकीपर हलत नसेल तर काय फायदा?"

"गोलकीपरला काय बोलतोस?" सुगत उसळला. "त्या आधी चेंडू माझ्याजवळून गेला ना? मी आडवा आलो का? नाही आलो. फळी फुटली की कोणताही गोली गोल खाणार."

"पण फळी फुटते का? कारण फळीत तुम्ही आहात! तुमचं दोघांचं मिळून वय किती, सांगा!"

"वयावर जाऊ नको, दिलीप."

"मग कशावर जाऊ? हा जयेश बघा." दिलीपने शेजारच्या पोराच्या खांद्यावर थाप मारली. जयेश त्याच्याच ऑफिसातला, तिशीतला. "हा पुण्यात कॉलेजचा गोलकीपर होता. युनिव्हर्सिटी खेळलाय. आणि तुम्ही त्याला डाव्या कडेने पळवताय!"

हे खरं होतं. जयेश पहिल्या दिवशी आला आणि म्हणाला, मी गोलकीपर आहे. आमचे लोक त्याच्याकडे असे बघत राहिले, जणू आज रुजू झालेल्या कारकुनाने सचिवाची खुर्ची मागितली. पोरगं सज्जन. गुपचूप पळायला लागलं.

"ज्याला जे येतं ते त्याला द्या," दिलीप म्हणाला. "इतकं सिंपल आहे."

चहावाल्याचा स्टोव्ह तेवढा फरफरत होता. मग सुगत म्हणाला, आवाज खाली आणून, "आणि माझा नंबर?"

दिलीपला त्यातलं काही कळलं नाही. कंपनीत काम करणाऱ्या माणसाला कसं कळणार!

"ऑफिसात तिघं गेले माझ्या डोक्यावरून," सुगत म्हणाला. "तिथे मी काही बोललो नाही. इथेही गेले तर मी स्टिक ठेवतो बघा. पुन्हा तोंड दाखवणार नाही."

"कोणी जात नाहीये," विठ्ठल म्हणाला. "मी उभा आहे ना अजून. विषय संपला."

"नाही संपला!" ही भीमाबाई. पोळ्यांचा डबा तिने बाकावर आपटला. "तुम्हाला काय, तुम्ही रविवारी भांडून घरी जाता. सोमवारी याला जिना उतरवते मी. लहान पोरासारखा धरून. ऑफिसात कोणी विचारलं तर सांगतो, हॉकी खेळतो म्हणून. मैदानावर कोणी ओरडलं तर हसतो. का उभा आहे हा माणूस तिथे? सांगू का?"

"भीमा, गप."

"का गप?"

"गप म्हणतो ना."

ती गप बसली, पण सुगतकडे बघत गप बसली. तिथे गडबड झाली. सुगत काही मूर्ख नाही. तो उठला, विठ्ठलसमोर खाली बसला आणि त्याच्या पॅडचे पट्टे सोडायला लागला. ही आमच्याकडची रीत, गोलकीपरचे पॅड त्याच्या खालोखालच्या नंबरचा माणूस सोडतो. पट्टा सोडता सोडता त्याने हळूच विचारलं, मी शेजारी होतो म्हणून ऐकू आलं.

"क्रांती आली होती ना तुमच्याकडे?"

"चहा प्यायला आली होती," विठ्ठल म्हणाला.

"दोन वर्षं झाली का त्या चहाला?"

सुगत दुसऱ्या पायाचा पट्टा धरून तसाच बसून राहिला. त्याला रागावायचं होतं की काय, कोण जाणे. रागावायलाही अंगात काही लागतं. दोघेही मॅच खेळून आलेले, दोघांचीही वयं झालेली.

मग विठ्ठलने डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांनीच बोलला, ऑफिसात डिक्टेशन देतात तसा.

"आजपासून मी गोलकीपर नाही. गोलकीपर सुगत मेश्राम. बढती आजच्या तारखेची." सगळे चपापले. भीमाबाईने तोंडावर हात ठेवला. "पण सुगत सध्या मेडिकल रजेवर. तो रुजू होईपर्यंत त्याच्या जागी जयेश बघेल. तात्पुरता."

"ऑफिशिएटिंग," बाकावरून कोणीतरी म्हणालं.

"तेच."

आमच्या माणसांचे चेहरे बघायला हवे होते तुम्ही. दोन वर्षं कोणाला सुचलं नव्हतं आणि सुचल्यावर सगळ्यांना एकदम पटलं. अहो, जन्मभर हेच तर केलं आम्ही! खुर्ची एकाची, काम दुसऱ्याचं. हे आम्हाला समजावून सांगावं लागत नाही. दिलीप एकटा म्हणत होता, "म्हणजे जयेशच गोलात ना? मग मी वेगळं काय सांगत होतो?"

सुगत अजून खाली बसलेला. "आणि मी फिट झालो तर?"

"डॉक्टरचं सर्टिफिकेट आण, रुजू हो."

"तो नाही देणार."

"मग मी काय करू? नियम आहे."

सुगत हसला. फार नाही, नाकातून जरासं. "जयेश माझ्या हाताखाली?"

"तुझ्या हाताखाली."

"सर," जयेश सुगतला म्हणाला, आणि पोरगं असं गंभीर तोंडाने म्हणालं की मला ते आवडलं. "मोजे तुमचे वापरू का?"

"बघू," सुगत म्हणाला. "आधी मी एकदा घालतो."

पुढच्या रविवारी सुगत पेढे घेऊन आला. क्रांतीही आली होती, पेढ्यांचा डबा तिनेच फिरवला. विठ्ठलसमोर आल्यावर तिने दोन ठेवले आणि पुढे गेली. सुगतने हातमोजे घातले, गोलात जाऊन उभा राहिला, मोबाइलवर फोटो काढून घेतला, मग मोजे काढून जयेशला दिले आणि बाहेर खुर्ची टाकून बसला. तिथून त्याचं सुरू झालं. "जयेश, डावीकडे सरक! अरे, पुढे नको! मागे!" जयेश "हो सर, हो सर" म्हणत होता आणि आपल्याला हवं तेच करत होता.

पोराने चांगले गोल वाचवले. पण सुगतची जागा रिकामी झाली म्हणून हाफमधला एक जण बढती होऊन फुलबॅकला आलेला, त्याला पाठीचं दुखणं. तीन गोल झालेच. दिलीपने लगेच धरलं, "हा डिफेन्स! या डिफेन्सपुढे देव जरी गोलात उभा केला..." कोणी म्हणालं, तिसरा गोल जयेशचा होता, विठ्ठलने तो अडवला असता. विठ्ठलने! गेल्या रविवारी याच माणसाने त्याला शिव्या दिल्या होत्या.

"काय विठ्ठलराव, तुम्ही सांगा," दिलीप म्हणाला. "चूक कोणाची? गोलीची की बॅकची?"

विठ्ठल आमच्या बाकावर, भीमाबाईच्या शेजारी बसला होता. साधी पँट, स्वेटर, पायात चपला. तोंड उघडं होतं. मध्यंतरापासून तो झोपलेला होता, आणि ऊन सरळ त्याच्या चेहऱ्यावर पडलं होतं. दिलीप त्याला हलवायला पुढे झाला.

"हात लावू नको," भीमाबाई म्हणाली, आणि पदर त्याच्या डोळ्यांवर धरून बसली.