सुक्या मासळीवाल्या मावशीला लावलेला टॅग

तीस वर्षं मी पनवेलच्या एका शाळेत ग्रंथपाल होते. निवृत्त झाल्यावर पहिले दोन महिने करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये डबे घासण्यात आणि कपाटं आवरण्यात गेले. मग एका जुन्या विद्यार्थिनीने मला जुन्या पनवेलच्या फोटोंच्या ग्रुपमध्ये घेतलं. लोक आपापल्या घरातले फोटो तिथे टाकत होते. तलाव, बाजारपेठ, शाळेची स्नेहसंमेलनं, कुणाच्या मुंजी, कुणाची लग्नं. पण सगळा नुसता ढीग होता. कालचा फोटो आज शोधायचा म्हटलं तरी सापडायचा नाही.

"बाई, हे जरा लावून द्या ना," विद्यार्थिनी म्हणाली. "तुमच्याशिवाय कुणाला जमणार?"

मी खूश झाले. पुन्हा कुणाला तरी माझी गरज होती. रोज सकाळी चहा झाला की मी फोन घेऊन बसायची आणि एकेका फोटोला टॅग लावायची. तलाव, बाजार, शाळा, लग्नकार्य. लोकांनी चुकीची गावं लिहिली असतील तर दुरुस्त करायची, दोनदा आलेले फोटो काढून टाकायची. 'आठवणीतली माणसं' हा टॅग मी स्वतः सुरू केला होता. गावात सगळ्यांच्या ओळखीचे, पण आता हयात नसलेले असे लोक त्यात यायचे. डॉक्टर, घड्याळजी, पोस्टमन. त्याचा नियमही मीच लिहिला होता. घरच्यांनी सांगितल्याशिवाय हा टॅग कुणालाही लावायचा नाही. पुस्तक हातात घेऊन उघडल्याशिवाय त्यावर क्रमांक टाकायचा नाही, असं मी शाळेत मुलींना सांगायची, तितक्याच ठामपणे मी हे लिहिलं होतं.

एक दिवस एका जुन्या फोटो स्टुडिओच्या मालकाच्या मुलीने बाजारातले काही फोटो टाकले. त्यातला एक बघून मी थांबलेच. टोपलीमागे मांडी घालून बसलेली एक तरुण कोळीण, मांडीवर तान्हं मूल, पुढे बोंबलांची जुडी. नाक-डोळे तेच. वीस वर्षं मी जिच्याकडून सोडे आणि सुकट घेत आले, तीच ही मावशी. मूळची उरणजवळच्या करंजा बंदराची, पण मुलगा आखातात बंदरावर नोकरीला लागल्यापासून पनवेलला खोली घेऊन एकटीच राहायची.

त्याच आठवड्यात मी बाजारात गेले, तर तिची जागा रिकामी होती. शेजारी मिरच्या विकणारीला मी विचारलं, "सुक्या मासळीवाली मावशी दिसत नाही गं?"

ती गिऱ्हाइकाच्या मिरच्या तोलत होती. मान वर न करता म्हणाली, "ती गेली ना, परवाच."

"अरेरे," मी म्हटलं.

"हो ना. आता आम्हालाच करमत नाय."

मी पुढे काहीच विचारलं नाही. गिऱ्हाइकं होती, ऊन होतं, आणि खरं सांगायचं तर घरी जाऊन काय लिहायचं याची वाक्यं माझ्या डोक्यात सुरू झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो फोटो पुन्हा टाकला. 'आठवणीतली माणसं' हा टॅग लावला आणि वर लिहिलं, की आपल्या बाजारातली सुक्या मासळीवाली मावशी नुकतीच आपल्याला सोडून गेली. तिच्या हाकेबद्दल लिहिलं, तिच्या हिरव्या बांगड्यांबद्दल लिहिलं. मी चांगलं लिहिलं होतं. हे सांगताना आज लाज वाटते, पण तेव्हा मी ते तीनदा वाचलं होतं. बघता बघता खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. 'बाई, डोळ्यांत पाणी आणलंत,' असंही कुणी तरी लिहिलं. मी फोन पर्समध्ये टाकला आणि खारघरला लेकीकडे जेवायला गेले. तिच्या घरी जेवताना फोन बघायचा नाही असा दंडक आहे. जेवण झालं, गप्पा झाल्या, मी जरा आडवीही झाले.

चार वाजता फोन उघडला, तर त्या हात जोडलेल्या रांगेत एक वेगळीच ओळ होती. 'ही माझी आई आहे. काय झालं? कोणीतरी सांगा. तिचा फोन बंद आहे.'

ती ओळ दुपारी साडेबाराची होती. तिच्याखाली लोकांनी पुन्हा श्रद्धांजलीच वाहिली होती. कुणी विचारलं होतं, 'अंत्यविधी झाला का?' आणि दुसऱ्या कुणी उत्तर दिलं होतं, 'सकाळीच झाला असं ऐकलं.' कुठून ऐकलं कोण जाणे. मुलाने पुन्हा लिहिलं होतं, 'ताईपण फोन उचलत नाही. हे कोणी टाकलं? मला फोन करा.' आणि खाली त्याचा नंबर दिला होता.

मला काय माहीत होतं? मिरचीवालीचे चार शब्द. त्याच क्षणी मला हेही कळलं, की ती 'गेली' म्हणाली होती, 'वारली' म्हणाली नव्हती.

मी काय करायला हवं होतं ते सरळ होतं. नंबर समोर होता. फोन लावून सांगायचं, की बाबा, मला नक्की माहीत नाही, मी बाजारात ऐकलं आणि लिहिलं, थांब, मी चौकशी करते. मी ते केलं नाही. मी सगळी पोस्टच काढून टाकली. फोटो गेला, माझं लिखाण गेलं, त्याचे प्रश्न गेले, त्याचा नंबरही गेला. मग लेकीला म्हटलं, "डोकं दुखतंय गं, मी निघते."

घरी येऊन मी फोन बंद करून ठेवला. विद्यार्थिनीलाही सांगितलं नाही. सकाळी बाजारात जाऊन विचारू, असं स्वतःला समजावत राहिले.

सकाळी मिरचीवालीने माझं ऐकून घेतलं आणि हातातलं माप खाली ठेवलं.

"मेली? कोण बोललं? करंजाला गेली ती, लेकीकडे! गुडघं दुखतात म्हणून. तुमी मला इचारलं, मी सांगितलं गेली म्हणून."

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. ती गोंधळली. तिने मला आपल्या पोत्यावर बसवलं, पाणी दिलं. मावशीच्या लेकीचा पत्ता तिला ठाऊक होता. मी तिथूनच उरणची एसटी पकडली आणि पुढे रिक्षाने करंजाला गेले.

मावशी बंदराजवळच्या मोकळ्या जागेत बसली होती. मागे बांबूंवर बोंबील वाळत होते. मला बघून तिला आनंद झाला.

"बाय, तू इथं कशी? माल पायजे म्हणून एवढी आलीस?"

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. टॅग म्हणजे काय, तेही सांगावं लागलं. फोटोला आपण चिठ्ठी चिकटवतो तशी, असं मी म्हटलं. तुमच्या फोटोला मी मेलेल्या माणसांची चिठ्ठी चिकटवली.

मला वाटलं होतं ती शिव्या देईल. ती आधी हसली. "मी जिती हाय, हे बघ," म्हणून तिने माझा हात धरून आपल्या गालाला लावला. मग हळूहळू तिचं हसू गेलं.

"म्हणजे ते तू केलंस," ती म्हणाली.

काल काय झालं ते मग तिच्याकडूनच कळलं. तिचा फोन दोन दिवसांपूर्वी पाण्यात पडला होता. लेक दुपारभर बंदरावर मासळीच्या लिलावात होती आणि तिचा फोन घरी चार्जिंगला. मुलाच्या खोलीत पनवेलच्या मोहल्ल्यातला एक जण राहतो, त्यानेच मुलाला ती पोस्ट दाखवली होती. त्याने आपल्या भावाला फोन करून करंजाला पिटाळलं. तो बिचारा मोटरसायकल घेऊन, घर विचारत विचारत संध्याकाळी पोचला. मावशी अंगणात मासळी निवडत होती.

"तो पोरगा मला बघूनच मटकन खाली बसला. 'खाला, तुम्ही ठीक आहात? अल्लाचा शुक्र आहे,' असं बोलला नि त्यानं फोन लावून माझ्या तोंडासमोर धरला." मावशीने पदर सावरला. "फोनमदी माझा पोर दिसला. डोकं तासलेलं. बाप तर कवाच गेला त्याचा. मग हा केस कुणासाठी काढून बसला? मी इचारते, कोण गेलं रे? तो नुसता रडतोय."

मला तिच्याकडे बघवेना.

"किती वाजता काढले केस?" मी विचारलं. मला ते कळायलाच हवं होतं.

"तो बोलला, पाच वाजता. आपल्याकडचे. तवर वाट बघितली. कोण काय सांगेल म्हणून. मग ते फोटोबिटोच गायब झालं, तवा त्याला वाटलं, खरंच असणार."

मी पोस्ट काढली ती चार वाजता. मधला एक तास माझा होता. त्या तासात मी खारघरहून घरी येण्यासाठी रिक्षा शोधत होते.

मी मावशीचे पाय धरायला वाकले तर तिने मला ढकललंच. "माझं काय धरतेस? माझं काय झालंय? त्याला सांग." तिने लेकीचा फोन मागवला, नंबर लावायला लावला आणि माझ्या हातात दिला.

मी कोण ते सांगितलं. मग तो अगदी नीट, हळू आवाजात बोलला.

"मॅडम, चूक होते माणसाची. ऐकण्यात चूक होते. पण तुम्ही पोस्ट का काढली?"

"घाबरले मी."

"मीपण घाबरलो होतो," तो म्हणाला. "मी मोबाईलवर सारखं वर-खाली करत होतो. मला वाटलं माझाच मोबाईल खराब झाला. तुम्ही एवढंच लिहिलं असतं ना, की मला माहीत नाही, तरी चाललं असतं."

मी माफी मागितली. मागताना ती किती तोकडी आहे ते मला ऐकू येत होतं.

"आई म्हणते तुम्ही चांगल्या आहात," तो म्हणाला. "असाल. मला ड्युटीला जायचंय." आणि फोन ठेवला.

मावशीने मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी. मी मान खाली घालून खाल्ली. तो फोटो तिला दाखवला तेव्हा तिने मोबाईल डोळ्यांजवळ नेला. "ही मी? नि हा तर तोच, मांडीवर!" मग म्हणाली, "मला कागदावर दे हा. नि तिकडं परत टाकू नको."

घरी येऊन मी ग्रुपवर सगळं खरं लिहिलं. पोस्ट काढली तेही लिहिलं. लोकांनी माझीच समजूत घातली. 'बाई, मनाला लावून घेऊ नका', 'हेतू चांगला होता'. विद्यार्थिनीचा मात्र फोन आला. "बाई, नियम तर तुम्हीच केला होता ना?" एवढंच ती म्हणाली. रागाने नाही, तिला खरंच कळत नव्हतं. त्या सगळ्या समजुतींपेक्षा मला तिचा प्रश्न बरा वाटला.

पुढचा आठवडाभर मी त्या टॅगमधल्या एकेका माणसाच्या घरी फोन केले. बहुतेक ठिकाणी मी आधी विचारलेलं होतं. दोघांच्या बाबतीत विचारलेलं नव्हतं. नुसतं कुणाकडून तरी ऐकलं होतं. त्यातले एक खरोखरच वारलेले निघाले. दुसऱ्यांचं कुणालाच काही माहीत नव्हतं. ते माणूस गाव सोडून गेलं होतं, एवढंच. म्हणजे ही माझी पहिली वेळ नव्हती, पहिल्यांदा उघडकीला आली एवढंच. मी तो टॅगच काढून टाकला. बाकीचं काम विद्यार्थिनीकडे दिलं. ती मला अजून विचारते, मी उत्तर देते, पण माझ्या हाताने काही लावत नाही.

गुडघे जरा बरे झाल्यावर मावशी परत पनवेलला आली. फोटो मी चौकटीत घालून तिला दिला. तिने तो पदराने पुसला, टोपलीमागच्या भिंतीला टेकवून ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला. मुलाला सुट्टी मिळाली की तो येणार असल्याचं तिनेच सांगितलं.

"मला त्याला एकदा भेटायचंय, मावशी," मी म्हटलं.

तिने बोंबील कागदात गुंडाळले, दोरा बांधला. "त्याला इचारून सांगते," ती म्हणाली.

तो येऊन गेला. मला ते मिरचीवालीकडून कळलं. मावशी त्याबद्दल काही बोलली नाही आणि मीही तिला विचारलं नाही.