मामांचा झाकणवाला कोळी

देवानं सगळे जीव घाईघाईत एकाच पोत्यात कोंबले आणि ते निवडून लावायचं काम आपल्यावर सोडलं, अशी आमच्या मामांची ठाम समजूत होती. कळंबच्या एका शाळेत ते विज्ञान शिकवायचे. कोळ्याला कुणी किडा म्हटलं की त्याला भर बाजारात अडवायचे. "आधी पाय मोज की! किड्याला सहा, ह्याला आठ. मग किडा कसा?" माझ्या बहिणीला बघायला आलेल्या पाहुण्यांनी रिवाजाप्रमाणं कुळ विचारलं, तर मामांनी त्यांच्याच ताटाकडं बोट दाखवलं. "वांगं, बटाटा, टमाटा, मिरची. फुलं बघा, चौघंबी एकाच कुळातली. आता जेवा निवांत." पाहुणे निवांत जेवले आणि पुन्हा फिरकले नाहीत.

तेर गावाजवळच्या एका बांधावर मामांना एक कोळी सापडला. जमिनीत बीळ करून वर मातीचं झाकण बसवणारा. चार पावसाळे दर रविवारी एसटीनं जाऊन ते त्या बिळांपुढं पालथे पडून राहिले. लोक हसायचे. मामा वहीत चित्रं काढायचे. "झाकण निराळं, पायावरचे काटे निराळे. हा कुठंच बसंना, लेका!"

मी तेव्हा शहरात पीएच.डी. करत होतो. मीच त्यांना माझ्या सरांकडं नेलं. सरांनी मामांच्या बाटल्यांतले कोळी वरवर पाहिले. "नेहमीचाच दिसतो. वही ठेवून जा," म्हणाले. दोन वर्षांनी सरांचा निबंध छापून आला: कोळ्याची नवी जात. शोध सरांचा, नाव सरांनी ठेवलेलं, चित्रं मामांची. मामा त्यात 'एक स्थानिक इसम' होते.

तो अंक घेऊन मामा माझ्या खोलीवर आले.

"तू तिथं व्हतास ना?"

"होतो."

"मग एक पत्र लिही. वही माझी व्हती, एवढंच लिही."

माझ्या प्रबंधावर सरांची सही अजून व्हायची होती. "बघतो," मी म्हणालो. मामांनी अंक पिशवीत घातला, पिशवी उचलली आणि स्टँडवर निघून गेले. मी पत्र लिहिलं नाही. सही झाली. मामा मात्र पुन्हा कधी त्या बांधावर गेले नाहीत.

आता मी कॉलेजात प्राण्यांचं वर्गीकरण शिकवतो. मागच्या दिवाळीत कळंबला गेलो, तेव्हा मामा ओसरीवर बाजेवर बसले होते आणि भिंतीवरून एक कोळी चालला होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मामा, हा कुठल्या कुळातला?" एके काळी त्यांनी तासभर सोडलं नसतं.

"तुम्ही सांगा," मामा शांतपणे म्हणाले. "तुम्ही प्राध्यापक."

जन्मभर मला लेका म्हणणारा माणूस! मला तिथं उभं राहवेना, आणि निघताही येईना. थोड्या वेळानं मामा बाजेवर जरासे सरकले, माझ्यापुरती जागा केली. मी बसलो. कोळी आढ्यापर्यंत पोचेस्तोवर आम्ही दोघं त्याच्याकडं बघत राहिलो.