वेताळाच्या नाटकातला माझा नमस्कार

हसायचं असेल तर खुशाल हसा, पण असला गाढवपणा देवासात माझ्याआधी कोणी केला नसेल आणि नंतर करायची कोणाची छाती नाही!

संस्थानं नुकतीच विलीन झालेली. मी कचेरीत कारकून, आणि गावातला एकमेव जाहीर नास्तिक. देव नाही, भूत नाही, असं जो भेटेल त्याला ऐकवायचो. त्यापायी आईनं गोड सोडलं होतं. "तू देवापुढे हात जोडशील त्या दिवशी खाईन." सात वर्षं झाली, पण मीही तिचाच मुलगा! वाकतोय कसला?

त्या वर्षी गणपतीत दत्तूभियानं वेताळाचं नाटक बसवलं. दत्तूभिया म्हणजे आमच्या गल्लीतला शिंपी; आमच्या माळव्यात भाऊला भिया म्हणतात. लिहिणारा, बसवणारा सगळं तोच. रोज संध्याकाळी मांडवात एक भाग, असे दहा दिवस! वेताळाला "चल हट" म्हणणारा नास्तिक मास्तर कोण करणार? मीच की! रोज भाषणं ठोकायला मिळत होती, मला आणखी काय हवं?

शेवटचा भाग मात्र त्यानं दहाव्या दिवशी दुपारी हातात ठेवला. त्यात मास्तर गणपतीपुढे लोटांगण घालतो!

"हे मी नाही करणार."

"अरे भिया, पब्लिकला हेच पाहिजे! एक मिनटाचं काम. तू मानतोस कुठे? मग तुझं जातं काय?"

म्हटलं, खरंच, जातं काय? घातलं लोटांगण. आणि असं घातलं म्हणता, डोळ्यांतून खरं पाणी काढलं! टाळ्या थांबेनात.

घरी आलो तर आई दारातच उभी. "नाटकात कोणी असं रडत नाही रे," म्हणाली, आणि माझ्या तोंडावरून हात फिरवत राहिली.

झालं! दुसऱ्या दिवशी धारला मावशीला पत्र गेलं. मावशी आली, सत्यनारायण ठरला. रस्त्यात जो तो म्हणे, "आलास बाबा एकदाचा वळणावर!" आईला उद्या सांगू, उद्या सांगू, असं करत पूजेचा दिवस उजाडला.

पूजा झाली. आईनं सात वर्षांनी शिऱ्याचा घास उचलला. आणि नेमका तेव्हाच माझ्या तत्त्वाला कंठ फुटला!

"आई, ते नाटक होतं. मी देव मानत नाही."

"अरे मेल्या, घास तरी गिळू द्यायचास!" मावशी ओरडली.

आईनं घास खाली ठेवला. "असू दे. मीच घाई केली." दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पौषात ती तापानं गेली. गोड न खाताच.

दहाव्याला तलावाकाठी पिंड मांडला, शेजारी शिरा ठेवला. समोरच्या निंबावर दहा-बारा कावळे, पण एक खाली येईल तर शपथ!

"काही इच्छा राहिलीय. कबूल करा," भटजी म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कावळ्याला भूक नसेल, असं म्हणणार होतो. पण पिंडाशेजारचा शिरा दिसला. गुडघ्यांवर बसलो, हात जोडले. "आई, मानतो गं देवाला. खा आता." ढसाढसा रडत होतो, देवाशप्पथ.

एक कावळा उतरला. पिंडापर्यंत आला, मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं आणि उडून गेला.

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

मागून दत्तूभियानं खांद्यावर हात ठेवला. हळूच म्हणाला, "भिया, एकदा बघितलेलं नाटक काकू दुसऱ्यांदा कशाला बघतील?"