जबल शम्सवरचा अडीच फूट बर्फ

मूर्खपणा काय, सगळेच करतात. पण पट्टी लावून, मोजून, वर साहेबाला फोन करून केलेला मूर्खपणा ऐकलाय कधी? घ्या, चहा घ्या, सांगतो.

दोन हजार चौदा-पंधराची गोष्ट असेल. मी आखातात, रुवीतल्या एका कंपनीत हवामानाची यंत्रं सांभाळायचो. नोकरी अजून कायम झालेली नव्हती. जानेवारीत जबल शम्सच्या डोंगरावर बर्फ पडला आणि जोशीसाहेबांनी मला वर पिटाळलं. किती साचलाय, तापमान किती, मोज आणि लगेच कळव म्हणाले. मी पडलो गुहागरचा. बर्फ पाहिलेला तो मासळीच्या टोपलीत!

गाडीवर रत्नागिरीचे दाऊदभाई होते. वर पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजलेले, पण धुक्यात सूर्याचा पत्ता नाही. वारा पडलेला. स्वतःचा श्वास ऐकू यावा इतकी शांतता. दाऊदभाई गाडीतून उतरलेच नाहीत. एवढंच म्हणाले, "तू जाऊन ये. मला ही जागा बरी वाटत नाय."

जमिनीवर जेमतेम बोटभर पांढरा थर. यंत्रामागे कातळाच्या आडोशाला मात्र मोठा ढीग होता. पट्टी उभी धरली. अडीच फूट! बाकी सगळीकडे बोटभर आणि इथेच एवढा कसा, हा प्रश्न शहाण्या माणसाला पडला असता की नाही? मी साहेबांना फोन लावला.

मग ढिगात थर्मामीटर खुपसला. आकडा शून्यावरून चढायला लागला. आठ. सतरा. सव्वीस.

बर्फाला ताप?

हातमोजा काढून हात ठेवला. आतून ऊब आली. आणि तो ढीग हळूच वर आला, खाली गेला. पुन्हा वर आला.

मागे वळून पाहिलं तर धुक्यात गाडी दिसेना. रामरक्षा सुरू केली, ती दुसऱ्याच ओळीला अडली. तेवढ्यात ढिगातून कुणीतरी लांब उसासा टाकला.

ढीग उठून उभा राहिला. बर्फ घसरला, खालून जाड गोधडी निघाली आणि गोधडीखालून दोन लांब कान. कुणा मेंढपाळाने थंडीचं पांघरूण घालून बसवलेलं गाढव होतं ते.

साहेबांना पुन्हा फोन केला. तोवर त्यांनी अडीच फुटांचा आकडा गिऱ्हाइकाला कळवला होता आणि अल् घुब्रातल्या घरून बायको-मुलांना स्वेटर चढवून बर्फ बघायला निघालेही होते. मी खरं काय ते सांगितलं.

मग त्यांनी शांतपणे विचारलं, "वर गाढवं किती आहेत?"

"एकच, साहेब."

"नीट मोज."