उलटा बांधलेला भीमपलास

चमन मोमीन म्हणजे एक नंबरचा हट्टी माणूस. कळंब्याच्या रस्त्याला त्याचं पुस्तकबांधणीचं दुकान, आणि वरच्या खोलीत अंबूबाई. गाण्याच्या शिकवण्या घेत घेत म्हाताऱ्या झालेल्या. दुपारी त्या भीमपलास गायला लागल्या की खाली चमनची सुई आपोआप त्यांच्या लयीत चालायची. गाण्यातलं ओ का ठो कळत नव्हतं गड्याला, पण बाई खोकल्यानं गायल्या न्हाईत तर त्या दिवशी त्याची शिवण वाकडी जायची.

आणि त्याच बाईंना विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग गॅसवरचं दूध, मग शिष्यांची नावं. शेवटी गाणंच थांबलं. त्यांना सांभाळणारी भाची क्रांती. तिनं मोबाइलवर बाईंचंच जुनं गाणं लावलं, तर म्हणाल्या, "बंद कर त्या बाईला. डोस्कं उठवलंय." खाली चमनला ते ऐकू आलं. समोरचं ताट तसंच सारून उठला गडी.

मग ह्या बहाद्दरानं काय करावं? भीमपलासचं पुस्तक करायला घेतलं! अक्षर एक न्हाई. जाड हातकागद आणि त्यावर रंगीत दोऱ्याची शिवण. सुरुवातीची पानं हातभर रुंद, त्यांवर एकच दोरा, आलापासारखा रेंगाळत गेलेला. पुढं पानं अरुंद होत जातात, टाके दाट होतात, शेवटी तर तानांची नुसती धांदल. बाईंचा हात त्यावरनं फिरला की गाणं परत येईल, एवढीच त्याची आशा. बायको सबिना म्हणाली, "येड लागलंय तुम्हास्नी." लागलंच होतं.

पुस्तक घेऊन वर गेला. बाईंनी उघडलं, आणि पहिलंच पान निघालं तानांचं! उजवीकडनं उघडणारी मदरशाची उर्दू पुस्तकं बांधून बांधून हाताला सवय लागलेली. चमननं इथंही शिवणीची पाठ उजवीकडंच घातली होती, त्यामुळं मराठी पुस्तकासारखं उघडलं की शेवटच आधी. बाईंचं बोट दाट टाक्यांवरनं फिरलं, थांबलं. आणि त्या खुदकन हसल्या.

"चमन्या, उलटं बांधलंस की रं! तान आधी आन आलाप मागनं व्हय?"

आणि मान हलवत, फाटक्या आवाजात, ती तान त्यांनी गुणगुणलीसुद्धा. क्रांतीच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी आलं.

आता एवढ्यावर माणसानं गप बसावं का न्हाई? पण न्हाई! बाईंनी चूक काढली, मग ती चूक बाईंच्या हातात ठेवायची कशी? क्रांती काकुळतीला आली. "चमनमामा, राहू दे की. तसंच राहू दे."

"चार दिसांत सरळ करून आणतो," म्हणत चमननं पुस्तक काढून घेतलं. बाई सोडत नव्हत्या, जरा ओढावंच लागलं. अरे शहाण्या, तिथंच थांबला असतास तर!

शिवण उसवली, खळ खरवडली. पावसाळी हवेत पुठ्ठे वाळेनात. वाकले, पुन्हा दाबात घातले. क्रांती जिन्यात येऊन विचारायची, "झालं का?" आणि चमन म्हणायचा, "उद्या." असं करता करता अख्खा श्रावण संपला.

पुस्तक सरळ झालं, देखणं झालं. बाईंनी पहिलं पान उघडलं. आलाप. त्या एकेक पान शिस्तीत उलटत शेवटापर्यंत गेल्या, पण ओठ हलले न्हाईत. चमननं त्यांचं बोट धरून टाक्यांवरनं फिरवलं. "बाई, ही तुमची तान. मागं गायलासा की!" मग स्वतःच गुणगुणायला लागला, बेसूर, रडवेला. जन्मभर फाटकं-तुटकं सांधत आलेला माणूस, पण इथं टाका कुठं घालावा हेच त्याला उमगेना.

बाईंनी हात सोडवून घेतला. पुस्तक मिटलं आणि हळूच त्याच्या मांडीवर ठेवलं.

"झ्याक हाय हो पावणं," त्या म्हणाल्या. "पर आमच्यात कोण गात न्हाय."